अपील न करण्याची सही

प्राप्तिकर खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. धाडीत काय काय सापडलं? आणि आमचा रिफंड कुठे अडकलाय? पहिल्याचं उत्तर द्यायला कायद्याची मनाई आहे आणि दुसऱ्याचं उत्तर बंगळुरूच्या संगणकाला ठाऊक. मला ज्याबद्दल बोलावंसं वाटतं ते मात्र कुणी विचारत नाही: किती प्रकरणं सोडून दिलीत, आणि कशाच्या जोरावर?

सोडून देणं म्हणजे काय ते आधी सांगते. अधिकाऱ्याने कर आकारला, करदाता अपिलात गेला आणि जिंकला. आता खात्याने वर जायचं की निकाल मान्य करायचा, हे आयुक्ताने ठरवायचं असतं. "अपील करावे" याखाली सही करायला दोन मिनिटं पुरतात. "अपील करू नये" याखाली सही करताना भल्याभल्यांचा हात अडखळतो. का, ते बाहेरच्या माणसाला चटकन समजत नाही. मलाही खात्यात शिरून बरीच वर्षं समजलं नव्हतं.

मी मूळची वकील. पुण्याच्या आय.एल.एस. लॉ कॉलेजातून ऐंशीच्या दशकात पदवी घेतली आणि सांगलीत एका करसल्लागारांकडे ज्युनिअर म्हणून लागले. हळदीचे व्यापारी, मार्केट यार्डातले अडते, गुळाच्या पेढ्या असे आमचे अशील. लाल पुठ्ठ्याच्या कीर्द-खतावण्या घेऊन ते यायचे आणि आपल्याला नेमकं काय झालंय हे सोडून बाकी सगळं सांगायचे. सरांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं, की आदेश हातात आला की शेवटच्या पानावरचा आकडा बघत बसायचं नाही, तो अशील बघतोच. आपण मधली पानं वाचायची. आकड्याला टेकू आहे की नाही ते तिथे कळतं.

सरांचं दुसरं शस्त्र म्हणजे ११ एप्रिल १९५५ चं एक परिपत्रक. करदात्याला आपले हक्क ठाऊक नसतील तर त्या अज्ञानाचा फायदा खात्याच्या अधिकाऱ्यांनी उठवू नये, उलट त्याला मिळू शकणारी सवलत त्याने मागितली नसली तरी आपणहून दाखवून द्यावी, असं दिल्लीच्या राजस्व मंडळाने आपल्याच माणसांना सांगितलं होतं. सर ते अधिकाऱ्यासमोर ठेवायचे तेव्हा समोरचा हमखास म्हणायचा, "हे जुनं झालं हो." ते जुनं झालेलं नाही, न्यायालयं आजही त्याचा आधार घेतात. पुढे मी टेबलाच्या त्या बाजूला गेले तेव्हा लक्षात आलं, की खात्याचं हे परिपत्रक खात्यापेक्षा वकिलांनाच जास्त पाठ आहे.

स्पर्धा परीक्षा झाली आणि मी नागपूरला आले. छिंदवाडा रोडवरची आमची अकादमी १९५७ पासूनची. देशभरातले प्रत्यक्ष करांचे अधिकारी तिथूनच घडून निघतात. बॅचमध्ये इंजिनिअर भरपूर, कायदा शिकलेले मोजके, आणि मुली त्याहून मोजक्या. हिशेब तपासण्यात इंजिनिअर मंडळी माझ्या कितीतरी पुढे होती. पण कलमाच्या परंतुकात दडलेला अपवाद शोधायचा असला की वह्या माझ्याकडे सरकायच्या. कायद्याच्या पदवीचा खरा उपयोग याहून वेगळा होता आणि तो उशिरा कळला. ज्याने एकदा तरी करदात्याच्या बाजूने उभं राहून युक्तिवाद केलाय, त्याला नोटीस लिहितानाच तिचं उत्तरही ऐकू येतं.

खात्याच्या प्रमुखपदाबाबत अमेरिकेत बराच काळ उलटा रिवाज होता. तिथला कर आयुक्त बाहेरून आलेला करकायद्याचा वकील असायचा. १९९२ साली शर्ली पीटरसन त्या पदावर बसल्या, तिथल्या पहिल्या महिला आयुक्त. त्याआधी त्या न्याय खात्याच्या कर विभागाच्या प्रमुख होत्या, म्हणजे सरकारच्या वतीने करखटले लढवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्यांच्यामागोमाग मार्गारेट मिल्नर रिचर्डसन आल्या, त्याही वकीलच. आपल्याकडे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं अध्यक्षपद खात्यातल्याच ज्येष्ठ अधिकाऱ्याकडे जातं, आणि पुष्कळदा निवृत्तीला काही महिनेच उरलेले असताना. बायका तिथपर्यंत पोचल्या आहेत, एकीहून अधिक. पण खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच निरोप समारंभाची तयारी, तर माणूस नवं काय रुजवणार? अमेरिकेने १९९८ मध्ये कायदा करून आयुक्ताला पाच वर्षांची मुदत दिली. आपण त्याबाबतीत अजून सेवाज्येष्ठतेच्या यादीला धरून आहोत.

माझ्या सुरुवातीच्या नोकरीत धाडी पुष्कळ आल्या, आणि त्या केवळ बाई म्हणून. बाईची झडती बाईनेच घ्यायची आणि तीही सभ्यतेची मर्यादा काटेकोर पाळून, असा कायदा आहे. तेव्हा महिला अधिकारी इतक्या थोड्या, की नेमणूक कुठेही असो, धाडीच्या यादीत आमचं नाव ठरलेलंच. भल्या पहाटे जीप यायची आणि कुठे जायचंय ते गावाची वेस ओलांडल्यावर कळायचं. लोकांना वाटतं धाड म्हणजे भिंती फोडणं. प्रत्यक्षात ते कारकुनी काम असतं: पंच बोलवा, कपाटं उघडा, यादी करा, प्रत्येक पानावर सह्या घ्या. मुलांची दप्तरं तपासायची आणि त्यांना वेळेवर शाळेत जाऊ द्यायचं. तसा त्या घराचा हक्कच आहे.

दागिन्यांपाशी सगळं अडायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काय उचलायचं आणि काय ठेवायचं हे त्या त्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. मग ११ मे १९९४ ला मंडळाची सूचना आली. विवाहित स्त्रीमागे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीमागे २५० आणि पुरुषामागे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने, हिशेबात दिसत नसले तरी जप्त करू नयेत. हे आकडे आता सोनारांनाही पाठ आहेत. त्याच सूचनेतला पुढचा भाग मात्र फारसा कुणी वाचत नाही. घराण्याची ऐपत आणि चालीरीती पाहून याहूनही जास्त दागिने सोडण्याची मुभा तिथे अधिकाऱ्याला दिलेली आहे, फक्त वरिष्ठांना तसं कळवायचं.

एका एकत्र कुटुंबात, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, मूल्यांकन करणारा सराफ तराजू लावून बसला होता. घरातल्या म्हाताऱ्या आजींचं सोनं मर्यादेच्या बरंच वर भरलं. तोडे, पाटल्या, ठुशी, कोल्हापुरी साज, सगळं जुन्या घडणीचं, टाके झिजलेलं. आजी कॉटवर बसून होत्या. "बाई," त्या मला म्हणाल्या, "यातलं निम्मं माझ्या सासूचं हाय. तिची पावती मी कुठनं आणू?" प्रश्न बिनतोड होता. मी घडणीचं वर्णन, सुनांची लग्नाची वर्षं, कुटुंबाची शेती असं सगळं टिपलं आणि जप्त न करण्याची कारणं लिहून काढली. वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, हे लेखी देणार?" म्हटलं, "लेखीच देतेय." क्षणभर थांबून ते म्हणाले, "मग माझी हरकत नाही." त्यांचं सगळं समाधान त्या 'लेखी'त होतं. निर्णय बरोबर की चूक यापेक्षा तो कुणाच्या नावावर राहणार, हे आमच्या खात्यात आधी पाहिलं जातं.

यानंतर काही वर्षांनी मी मुंबईत विभागीय प्रतिनिधी झाले, खात्याच्या बोलीत डी.आर. महर्षी कर्वे रस्त्यावर आयकर भवन, आणि त्याच रस्त्यावर जुन्या सी.जी.ओ. इमारतीत प्राप्तिकर अपीलीय न्यायाधिकरण. हे न्यायाधिकरण २५ जानेवारी १९४१ ला सुरू झालं. देशातल्या बाकीच्या न्यायाधिकरणांच्या आधीचं. ते विधी मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं, अर्थ मंत्रालयाच्या नव्हे, त्यामुळे खात्याचा तिथे काडीचा दाब चालत नाही. पीठावर एक न्यायिक सदस्य आणि एक लेखा सदस्य. वस्तुस्थितीबद्दल ते म्हणतील तो शेवटचा शब्द. वर उच्च न्यायालयात जायचं तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो.

डी.आर.चं काम म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला आदेश आपलं पोर समजून लढवायचा. समोर कांगा-पालखीवालांची जाडजूड पुस्तकं उघडून बसलेले वकील, आमच्याकडे आदल्या संध्याकाळी हाती आलेली फाईल. रोज सकाळी काही आदेश असे निघत, की वाचतानाच कळायचं, आज आपलं काही खरं नाही. कुठे बँकेत भरलेली सगळी रोकड सरसकट उत्पन्न धरलेली. ज्याच्या जबाबावर सगळी इमारत उभी, त्याची उलटतपासणीच करू दिलेली नाही. आदेशाची वीस पानं कायद्याच्या उताऱ्यांनी भरलेली आणि निष्कर्ष एका ओळीत. न्यायिक सदस्य चष्मा वर करून विचारायचे, "मॅडम, तुमच्या अधिकाऱ्याचा निष्कर्ष कुठल्या पानावर आहे?" मी पान सांगायचे. ते वाचायचे आणि काही न बोलता पुढचं प्रकरण पुकारायला सांगायचे.

सगळ्यात जिव्हारी लागायची ती दंडाची प्रकरणं. जुन्या २७१(१)(क) खालची नोटीस छापील असे आणि तिच्यात दोन आरोप शेजारी शेजारी: उत्पन्न लपवलं, किंवा चुकीचा तपशील दिला. लागू नसलेला आरोप पेनाने खोडायचा. अधिकारी दोन्ही तसेच ठेवून सही ठोकायचे. वकील उभे राहून शांतपणे म्हणायचे, माझ्या अशिलावर नेमका आरोप कुठला ते तरी सांगा. डिसेंबर २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशा नोटिशीवर उभा राहिलेला दंड टिकत नाही असं म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयात मतं दोन्हीकडची होती. शेवटी मार्च २०२१ मध्ये गोव्यात बसलेल्या पूर्णपीठाने करदात्याच्या बाजूने कौल दिला. एका न मारलेल्या रेघेपायी देशभर किती दंड वाहून गेले असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही. वर्तमानपत्रवाले याला तांत्रिक मुद्दा म्हणतात. मला तो तांत्रिक वाटत नाही. ज्या माणसावर दंड बसतोय त्याला आरोप ठाऊक असावा, एवढं साधं त्याचं म्हणणं असतं.

तर अशी हरलेली प्रकरणं आयुक्ताच्या टेबलावर यायची: निकालाची प्रत, अधिकाऱ्याचा स्क्रुटिनी रिपोर्ट, आणि रिपोर्टाच्या शेवटी बहुधा ठरलेली शिफारस, अपील करावे. आयुक्त झाल्यावर मीही तिथे बसले. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने सुरुवातीलाच कानमंत्र दिला, "अपील केलं आणि हरलात तर कुणी विचारत नाही. अपील केलं नाहीत आणि ऑडिटवाला आला, तर दहा वर्षांनीही विचारतो." यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती. महालेखापरीक्षकांचं पथक फाईल उघडतं, महसूल गेला असा आक्षेप लिहितं. दक्षता विभागाकडे निनावी तक्रार जाते. हरलेल्या अपिलाचा खर्च, न्यायालयाचा वेळ, करदात्याची गेलेली वर्षं, हे कुठल्याही आक्षेपात लिहिलं जात नाही.

भीतीला कायद्याचाही आधार होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००१ च्या एका छोटेखानी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की एका करदात्याच्या बाबतीत निकाल मान्य केलात तर तोच मुद्दा दुसऱ्याच्या बाबतीत तुम्हाला लढवता येणार नाही. म्हणजे सांगलीतल्या अडत्याचं लहानसं प्रकरण सोडलं आणि उद्या तोच मुद्दा नरिमन पॉइंटच्या बड्या कंपनीत निघाला, तर तिचा वकील सांगलीची फाईल पुढे करणार. २००८ मध्ये कायद्यात कलम घालून ही गाठ थोडी सैल केली: रक्कम लहान म्हणून अपील केलं नाही, तर तो मुद्दा मान्य केला असं धरलं जाणार नाही. पण मनातली गाठ तशीच राहिली. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने तर जाहीरच मांडलं, की अपिलाच्या तिन्ही पायऱ्यांवर खात्याच्या यशाचं प्रमाण ३० टक्क्यांहून कमी आहे. दहापैकी सात वेळा हरणारा वकील सांगलीत आठवडाभरही टिकला नसता.

माझ्या सह्यांची चर्चा व्हायची. पुरुष आयुक्ताने "अपील करू नये" लिहिलं तर दोन अर्थ निघत, साहेब अनुभवी आहेत किंवा साहेबांचं सेटिंग आहे. मी लिहिलं की एकच निघे, मॅडम कनवाळू आहेत. सुरुवातीला याचा राग यायचा. माझ्या टिपणात कणव कुठेच नसे, असायचे ते पुराव्यातलं भगदाड दाखवणारे परिच्छेद. मग विचार केला, संशय घ्यायचाच तर यापेक्षा वाईट संशय पुष्कळ आहेत. बाई असण्यामुळे मी एका अर्थी स्वस्तात सुटतेय. तरी एक पथ्य पाळलं. ज्या फाईलवर अपील नको म्हणायचं, तिच्यावरचं टिपण अपील करण्याच्या टिपणापेक्षा मोठं असायचं, आणि त्यात खात्याच्या बाजूचा सगळ्यात बळकट युक्तिवाद मी आधी मांडायचे. ऑडिटवाल्याला नवीन काही सुचायला जागा ठेवायची नाही, हा वकिली कावा.

दिल्लीत मंडळात होते तेव्हाची एक गोष्ट सार्वजनिक आहे म्हणून सांगते. एका भारतीय कंपनीने आपल्या परदेशी पालक कंपनीला शेअर दिले. खात्याचं म्हणणं, किंमत कमी लावली, तेव्हा कमी पडलेली रक्कम उत्पन्न धरून कर भरा. १० ऑक्टोबर २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयाने व्होडाफोनच्या या प्रकरणात सांगितलं, की शेअर देऊन येणारा पैसा भांडवल आहे, उत्पन्न नाही. मग न आलेला पैसा उत्पन्न कसा होईल? वाचताना मला आमच्या सांगलीच्या सरांचा आवाज ऐकू आला. वर्तमानपत्रांत ३,२०० कोटींचा आकडा फिरत होता. २८ जानेवारी २०१५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं, सर्वोच्च न्यायालयात जायचं नाही. संबंधित मुख्य आयुक्त, मंडळ आणि अॅटर्नी जनरल यांचं मत तसंच होतं हेही सरकारने जाहीर केलं. मंडळाच्या अध्यक्ष तेव्हा अनिता कपूर होत्या. दुसऱ्याच दिवशी देशभरच्या अधिकाऱ्यांना सूचना गेली, की हा निकाल मान्य केला आहे, असेच मुद्दे इतरत्र असतील तर तेही याप्रमाणे मिटवा.

खात्यात त्या आठवड्यात दोन तट पडले. काहींना वाटलं, कंपन्यांपुढे मान तुकवली. २०१२ च्या जानेवारीत त्याच नावाच्या दुसऱ्या, कितीतरी मोठ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात हार झाली होती. त्यावर सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायदाच बदलला आणि ते दुखणं २०२१ मध्ये तो बदल मागे घेईपर्यंत चाललं. मान तुकवली म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मी शांतपणे ऐकला आणि मला तो पटला नाही. मला खटकलं ते निराळंच. अपील न करण्याची एक सही मिळवायला देशाचं मंत्रिमंडळ बसवावं लागलं! अपील करायचं असतं, तर ती सही एखाद्या आयुक्ताने मंगळवारी दुपारी चहा पिता पिता केली असती.

२०१५ च्या डिसेंबरपासून खात्याच्या अपिलासाठीच्या रकमेच्या मर्यादा वाढत गेल्या. न्यायाधिकरण, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय यांसाठी अनुक्रमे १०, २० आणि २५ लाख होते, ते २०१८ मध्ये २० लाख, ५० लाख आणि एक कोटी झाले, २०१९ मध्ये ५० लाख, एक कोटी, दोन कोटी, आणि सप्टेंबर २०२४ पासून ६० लाख, दोन कोटी, पाच कोटी. कराचा वाद याहून लहान असेल तर खात्याने वर जायचंच नाही. हजारो लहान करदाते यातून सुटले, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचं कौतुक व्हायला हवं तितकं झालेलं नाही. पण या मर्यादा घालणाऱ्या परिपत्रकांनी नेमकं काय केलं ते पाहा. अधिकाऱ्याचा निर्णय काढून त्या जागी आकडा ठेवला. मर्यादेच्या आतलं प्रकरण सोडायला आता धैर्य लागत नाही. मर्यादेच्या वर मात्र हात पूर्वीइतकाच अडखळतो. आणि २०१८ च्या परिपत्रकात अपवादांच्या यादीत हेही होतं, की ऑडिटचा आक्षेप खात्याने मान्य केलेला असेल तर रक्कम कितीही लहान असो, गुणावगुण पाहून लढा. म्हणजे भीतीलाही एक उपकलम मिळालं.

शेवटची काही वर्षं एका मोठ्या विभागाची प्रमुख म्हणून काढली. त्यातला बराच काळ मार्चमध्ये गेला असं वाटतं, कारण वसुलीचं लक्ष्य बारा महिने डोक्यावर असलं तरी तगादा फेब्रुवारीत सुरू होतो. त्याविषयी फार लिहिण्यासारखं नाही. कुठल्याही सरकारी खात्यात वर्षअखेर सारखीच असते. चेहराविरहित आकारणी आली, करदात्याचे हेलपाटे वाचले, ओळखीपाळखीचा बाजार बराच आटला. पण आता आदेश लिहिणाऱ्याने त्या आजींसारखं कुणी पाहिलेलं नसतं, आणि 'सासूची पावती कुठनं आणू' हा प्रश्न पोर्टलच्या चौकटीत बसत नाही.

जाण्यापूर्वी मी एक प्रस्ताव वर पाठवला होता. सोडलेल्या प्रकरणांची तपासणी होते तशी हरलेल्या अपिलांचीही व्हावी. ज्या आयुक्ताने अपील करावे म्हणून सही केली, त्याच्याकडे निकाल लागल्यावर ती फाईल परत जावी, तो कुठेही बदलून गेलेला असो, आणि त्याने एक पान लिहावं, की तेव्हा काय वाटलं होतं आणि न्यायालयाने काय म्हटलं. शिक्षा नको, शेरा नको. फाईल दोनदा शंकांसह परत आली, मी दोनदा उत्तरं दिली, तिसऱ्यांदा ती "तपासून सादर करावे" अशा शेऱ्यानिशी आली तेव्हा माझी निवृत्ती तोंडावर होती. माझ्या जागी आलेल्या अधिकारी हुशार आहेत, माझ्यासारख्याच कायदा शिकलेल्या. महिन्याभराने त्यांचा फोन आला. "मॅडम, ती तुमची हरलेल्या अपिलांची फाईल. वरून काही येईलसं दिसत नाही. बंद करू का?"

"करा की," मी म्हटलं, "पण कारण लिहून करा."